पाळणाघरातली मुलं दुपारी दीड वाजता मोजा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पुण्याजवळच्या वाकड, ताथवडे, पुनावळे, हिंजवडी या पट्ट्यात राहत्या घरी पाळणाघर चालवणाऱ्या प्रत्येकीला मे-जूनमध्ये एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. "पलीकडच्या सोसायटीत पाच हजारांत घेतात, एसी आहे, कॅमेरे आहेत, भिंतीवर कार्टून आहेत. तुम्ही सात हजार कशाचे मागता?" प्रश्न रास्त आहे. घराचा हप्ता, गाडीचा हप्ता आणि वर पाळणाघर असं महिन्याचं गणित बसवणाऱ्या आईवडिलांनी तो विचारायलाच हवा. पण त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही. त्यात आकडे आहेत आणि थोडा कडवटपणाही आहे. म्हणून हे पत्र.

आधी घरगुती पाळणाघराचा हिशेब. स्वतःच्या टूबीएचकेत आठ मुलं, प्रत्येकी सात हजार, म्हणजे महिन्याला ५६ हजार. पूर्णवेळ मावशींना १४ हजार, दुपारपुरत्या येणाऱ्या दुसऱ्या मावशींना सात. दूध, फळं, खिचडी, वरणभात, नाचणीची पेज यांना मुलामागे बाराशे धरले तर ९,६००. वीज तीन हजार. फिनेल, हात धुण्याचा साबण, हातमोजे, टिश्यू, कचऱ्याच्या पिशव्या यांचे अडीच हजार. गाद्यांची कव्हरं आणि खेळणी बदलायला हजार, मावशी आजारी पडल्या तर बदली बाईसाठी दीड हजार. बेरीज ३८,६०० होते आणि हातात राहतात १७,४००. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसात असे अकरा तास, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे २७५ तास. तासाला ६३ रुपये पडतात, तेही जागेचं भाडं शून्य धरून.

आता पलीकडचा हिशेब. मुलं २६, प्रत्येकी पाच हजार, म्हणजे एक लाख तीस हजार. फ्लॅटचं भाडं २८ हजार. दोन मावशी, ११ हजारांनी २२. डबा घरून आणायचा असतो, त्यामुळे दूध-बिस्किटांचे चार हजार. वीज सहा हजार, इतर पाच. खर्च ६५ हजार, शिल्लक ६५ हजार. मालकीणबाई फीच्या आठवड्यात आणि नवीन प्रवेश दाखवायला येतात. आकडे इकडेतिकडे होतील, पण या धंद्यातल्या कुणालाही दाखवा, मांडणी बरोबर आहे असंच सांगतील.

म्हणजे दोन हजारांनी स्वस्त देऊनही तिथे घरगुती पाळणाघराच्या साडेतीन पटीहून जास्त पैसे उरतात. यात काटकसर नाही, हुशारी नाही आणि एसी-कार्टूनशीही याचा संबंध नाही. इथे आठ मुलांमागे घरची बाई धरून तीन बायका, तिथे सव्वीस मुलांमागे दोन. सगळा फरक तेवढाच.

दोघींनी सव्वीस सांभाळायची म्हणजे काय, ते घड्याळ लावून बघा. सव्वीसपैकी दहा दोन वर्षांच्या आतली, नऊ दोन ते तीनची, सात शाळा सुटल्यावर येणारी, असं धरू. दहा डायपरवाल्या मुलांचं डायपर नऊ तासांत तीनदा बदललं तर तीस वेळा बदलणं झालं. जुनं काढणं, पुसणं, कोरडं करणं, नवीन घालणं, जुनं गुंडाळून टाकणं आणि दोन्ही हात साबणाने धुणं, याला घाईत केलं तरी पाच मिनिटं जातात. झाले अडीच तास. भरवण्याचं बघा. वर्षा-दीड वर्षाचं मूल वाटीभर वरणभात खायला वीस मिनिटं घेतं, थुंकलं तर जास्त. दहा मुलांना दोनशे मिनिटं लागतात. दोघींनी वाटून घेतलं तरी प्रत्येकीला एक तास चाळीस मिनिटं, तीही इतर सोळांकडे कुणी बघायचंच नाही असं गृहीत धरून. आणि जेवणाची वेळ असते साडेबारा ते सव्वा, कारण सव्वाला शाळेची व्हॅन खाली हॉर्न वाजवते.

हे गणित कुठल्याही मावशींना जमत नाही. त्या वाईट नसतात, त्या दोनच असतात. मग वाटा ठरलेल्या आहेत. पाच-सहा मुलांना गोल बसवून एका वाटीतून, एकाच चमच्याने भरवायचं. बाटलीवरच्या मुलाला आडवं करून बाटली उशीला टेकवून ठेवायची. त्यात ठसका लागतो, दूध कानाकडे जाऊन कान फुटतो, आणि बघायला कुणी नसलं तर याहून वाईट होऊ शकतं. डब्यातलं अर्धं अन्न टाकून डबा धुऊन परत पाठवायचा, म्हणजे आई खूष, "सगळं संपवलं!" पावडरचं दूध तयार केल्यावर दोन तासांत संपवायचं आणि उष्टं राहिलं तर ओतून द्यायचं असतं. गर्दीत तीच बाटली दुपारी पुन्हा तोंडात जाते.

डायपरची तर गंमतच आहे. सहा वाजता मूल घरी येतं तेव्हा डायपर नेहमी कोरडं, नवं कोरं असतं. आईला वाटतं, काळजी घेतात हो. ते बदललेलं असतं साडेपाचला, न्यायची वेळ जवळ आली म्हणून. सकाळी नऊचं डायपर साडेपाचपर्यंत तसंच असतं आणि त्याचा पुरावा डायपरखाली लाल चट्ट्यांत दिसतो. ज्यांना खात्री करायची आहे त्यांनी एक साधं करावं. पाठवलेल्या प्रत्येक डायपरच्या कमरपट्टीवर आतून बॉलपेनने एक, दोन, तीन असे आकडे घालावेत. पिशवीत किती परत आले आणि अंगावरचं कितवं, एवढं बघितलं की दिवसाचा हिशेब कळतो.

झोपेबद्दल लिहिताना हात थोडा अडखळतो, पण लिहायलाच हवं. सव्वीस मुलं दुपारी एक ते साडेतीन एकदम शांत झोपतात, असं जिथे अभिमानाने सांगतात तिथे सावध व्हा. आठ मुलांतही दोघं कधी एका वेळी झोपत नाहीत. एकाला थोपटावं लागतं, दुसऱ्याला पायावर घ्यावं लागतं, तिसरं झोपतच नाही आणि मावशींच्या मागे मागे फिरतं. मुलांना गुंगी यावी म्हणून सर्दीचं पातळ औषध पाजण्याचा प्रकार या धंद्यात कानावर येतो. सगळे करतात असं आमचं म्हणणं नाही. पण सर्दीच्या ज्या औषधात क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रीन ही दोन द्रव्यं एकत्र असतात ते चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिलेला आहे. पाळणाघरात तीन तास झोपलेलं मूल घरी येऊन पुन्हा आठलाच गळपटत असेल आणि रविवारी दुपारी मात्र टक्क जागं राहत असेल, तर डॉक्टरांशी बोला. पाळणाघराच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर मुलाच्या नावाची चिठ्ठी नसलेली औषधाची बाटली दिसली तर काय औषध आहे ते विचारा. सरळ विचारा, यात भिडेचं काही नाही.

झोपायच्या जागेचं गणितही लोकांच्या लक्षात येत नाही. टूबीएचकेचा हॉल, दोन बेडरूम मिळून वापरता येण्याजोगी जागा साधारण तीनशे चौरस फूट निघते. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये काढलेल्या पाळणाघरांच्या किमान निकषांत मुलामागे १० ते १२ चौरस फूट जागा सांगितली आहे. म्हणजे कागदावर पंचवीस मुलं बसतात! म्हणूनच फक्त जागा मोजणारा तपासनीस आला तरी सहज फसेल. प्रत्यक्षात एसी एकाच बेडरूमला असतो आणि विजेचं बिल वाचवायला दुपारी लहान मुलं त्याच खोलीत दाटतात. मुलाची गादी दोन फूट बाय चार फूट, म्हणजे आठ चौरस फूट. अशा सोळा गाद्यांना १२८ चौरस फूट लागतात आणि खोली असते दहा बाय अकरा, म्हणजे ११०. गाद्या एकमेकींवर चढतात, पाय ठेवायला जागा उरत नाही आणि कोपऱ्यातलं मूल पालथं झालं, तोंडावर चादर आली, तरी मावशींना तिथवर पोचायला चार मुलांना ओलांडावं लागतं. वर्षाच्या आतलं मूल उताणंच झोपवायचं, डोक्याशी उशी-चादर ठेवायची नाही आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी छाती हलतेय का बघायचं, हा साधा नियम तिथे पाळणं अशक्यच असतं.

आता चौथा मजला धरा. आग लागली, धूर झाला, लिफ्ट बंद. धडधाकट बाई जिना उतरताना फार तर दोन तान्ही घेऊ शकते, एक कडेवर आणि एक ओढणीने बांधून. दहा न चालणारी मुलं आणि दोन बायका म्हणजे तीन खेपा, त्यातल्या दोनदा धुरात परत वर जायचं. उरलेली सोळा चालती मुलं तेवढ्या वेळात कुणाच्या हाताला धरून उतरणार? आठ मुलांच्या घरात रांगती तीनच ठेवायची ती याचसाठी. तिघी मिळून ती तीन उचलतात आणि पाच चालती मुलं गाठी मारलेल्या दोरीला धरून एकेक गाठ पकडत उतरतात. महिन्यातून एकदा ही दोरी काढून मुलांना जिन्यावरून खरोखर चालवून बघावं लागतं. मुलांना तो खेळ वाटतो. सोसायटीतल्या काही काकांना उपद्रव वाटतो, पण ते असू दे.

नियम नाहीत का? आहेत. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ४८ ने तीसहून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर सक्तीचं केलं होतं. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायची मुभा आली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही पन्नासचा आकडा कायम ठेवला. वर सांगितलेले २०१८ चे निकष याच तरतुदीसाठी आले. त्यात तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित सेविका, तीनवरच्या वीस मुलांमागे एक आणि शिवाय मदतनीस असं प्रमाण आहे. या मापानेसुद्धा वरच्या उदाहरणातल्या सव्वीस मुलांना निदान तीन प्रशिक्षित बायका आणि वेगळ्या मदतनीस लागतात. खरं तर एकास दहा हे प्रमाण तान्ह्यांसाठी फारच सैल आहे. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक मोठं माणूस लागतं आणि ज्या बाईने एकदा तीन तान्ही एकटीने दिवसभर सांभाळली आहेत तिला हा आकडा कुठून आला ते विचारावं लागत नाही.

गर्दीवाले यावर म्हणतील, सरकारच्या स्वतःच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत पंचवीस मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीसच होती की. खरंय, होती. मजूर आईबापांच्या मुलांसाठी सरकारने कमी पैशांत केलेली ती सोय होती आणि तिथेही हात अपुरेच पडत. महिन्याला पाच हजार घेणाऱ्याने तिचा आधार घेऊ नये.

खरी अडचण वेगळीच आहे. हे सगळे नियम मालकाला, म्हणजे कंपनीला बांधलेले आहेत. आईने स्वतःच्या खिशातून पैसे देऊन सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये मूल ठेवलं की ते नियम दाराबाहेर राहतात. तिथे मुलं किती, बायका किती, हे मोजायला कुणीही येत नाही. त्याऐवजी भिंतीवर काचेत लावलेले दोन कागद असतात आणि पाटीवर "शासनमान्य". पहिला कागद दुकाने व आस्थापना कायद्याचा. २०१७ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार थोडेच कामगार असले तर नोंदणीसुद्धा लागत नाही, फक्त सूचना द्यायची असते आणि तिची पावती मिळते. दुसरा कागद उद्यम नोंदणीचा, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदीचा. तो घरबसल्या, फुकट, स्वतःच माहिती भरून निघतो. दोन्ही कागद आमच्याकडेही आहेत आणि ठेवायलाही हवेत. पण ते काढताना कुणी येऊन पाळणा हलवून बघितलेला नसतो. "शासनमान्य" लिहायला त्यातल्या एकाही कागदाने परवानगी दिलेली नाही.

कॅमेऱ्याबद्दलही भ्रम आहे. खारघरच्या एका पाळणाघरात नोव्हेंबर २०१६ मध्ये दहा महिन्यांच्या मुलीला आयाने केलेली मारहाण उभ्या महाराष्ट्राने टीव्हीवर बघितली ती कॅमेऱ्यामुळेच. पण तो कॅमेरा मारताना चालू होता आणि तरीही मारहाण झाली. चित्रण बघितलं गेलं नंतर, मुलीच्या अंगावर खुणा दिसल्यावर. कॅमेरा पुरावा देतो, मुलाला कडेवर घेत नाही. शिवाय तो बहुधा हॉलमध्ये असतो. झोपायच्या खोलीत नसतो, स्वयंपाकघरात नसतो आणि दुपारी एक ते तीन "नेट गेलंय" हे उत्तर ज्यांनी ऐकलं नाही असे पालक थोडेच असतील. मावशींची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घेणं कॅमेऱ्याहून जास्त कामाचं आहे. पण ११ हजारांत दोघींवर सव्वीस मुलं टाकली की बाई दोन महिन्यांत सोडून जाते. पडताळणीचा अर्ज एकीचा आणि कामावर दुसरीच, असा प्रकार होतो. तीच मावशी दोन-तीन वर्षं टिकली आहे का, हा प्रश्न कागदापेक्षा खूप काही सांगून जातो.

मुलं लपवायचेही ठरलेले मार्ग आहेत. प्रवेश दाखवायची वेळ नेहमी सकाळी दहा-अकराची देतात, कारण तेव्हा शाळेची मुलं आलेली नसतात. खरी गर्दी साडेबारा ते चार. हजेरीचं पुस्तक सकाळ, दुपार आणि "तासावर" असं तीन तुकड्यांत असतं, त्यामुळे कुठल्याच पानावर सव्वीस दिसत नाहीत. काही ठिकाणी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर दुसरा फ्लॅट असतो आणि पालक आले की मुलांची वरात जिन्याने वर जाते. म्हणून पालकांनी दुपारी दीडला, न कळवता जावं. आत घेतलं नाही तर दारातूनच चपलांची मांडणी मोजावी. सिपर आणि दप्तरं एका रांगेत टांगलेली असतात, ती मोजावीत. मुलं हलवता येतात, एवढ्या सगळ्या चपला पटकन हलवता येत नाहीत. मग आतल्या बायका मोजाव्यात आणि भागाकार करावा.

आजारपणात हा भागाकार सगळ्यांच्याच घरी येतो. पावसाळ्यात हात-पाय-तोंडावर फोड येणारा आजार सुरू झाला की आठ मुलांच्या घरात एक मूल घरी पाठवून, खेळणी धुऊन, सिपर उकळून आठवड्यात आटोक्यात येतो. एका चमच्याने सहा तोंडं भरवली जातात तिथे आठ दिवसांत खोलीभर पसरतो. ताप उतरून पूर्ण दिवस गेल्याशिवाय आणि फोड सुकल्याशिवाय मूल घेऊ नये. गर्दीवाले घेतात, कारण परत पाठवलं तर पालक दुसरीकडे जातील. इथे पालकांनाही दोन शब्द सुनवायला हवेत. सकाळी आठला पॅरासिटामॉल पाजून हसतंखेळतं मूल दारात सोडायचं आणि फोन बंद ठेवायचा, हे आम्हाला कळत नाही असं समजू नका. औषधाचा असर चार ते सहा तास. बाराच्या सुमारास मूल तापाने फणफणतं आणि तोवर त्याने चौघांच्या सिपरला तोंड लावलेलं असतं. रजा मिळत नाही हे आम्हाला ठाऊक आहे, पण निदान सांगा तरी, म्हणजे मूल वेगळ्या खोलीत ठेवता येतं.

घरगुती पाळणाघरं सगळी धुतल्या तांदळासारखी आहेत असंही नाही. "एक दिवसापुरतं घ्या ना" म्हणता म्हणता आठाची अकरा होतात. मावशी गावी गेल्या की एकटीवरच दिवस ढकलला जातो. टीव्ही लावून स्वयंपाक उरकणाऱ्याही आहेत. म्हणूनच नियम नकोत असं आम्ही म्हणत नाही. भीती वेगळी आहे. आपल्याकडे एखादी भयंकर घटना झाली की घाईने नियम येतात आणि ते कागदाचे असतात. जागेचा वापर बदलल्याचा दाखला, व्यावसायिक दराने वीज आणि मिळकतकर, अग्निशमनचा दाखला, सोसायटीचा ठराव, इतके कॅमेरे, तितके दरवाजे. ६५ हजार उरणारा हे सगळं दलालाकरवी दोन महिन्यांत गोळा करतो आणि पाटी आणखी मोठी लावतो. १७ हजार उरणारी बाई पाळणाघर बंद करते. मग त्या आठ मुलांचे आईबाप जातात कुठे? त्याच सव्वीसच्या खोलीत.

तेव्हा आमचं मागणं एवढंच आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या महिला व बालकल्याण विभागाने प्रभागवार पाळणाघरांची नोंद सुरू करावी, शुल्क पाचशे रुपयांच्या वर नको. दहा मुलांपर्यंतचं राहत्या घरातलं पाळणाघर एका गटात आणि त्यावरची केंद्रं दुसऱ्या गटात घ्यावीत. पहिल्या गटाला घराचाच मिळकतकर आणि घराचीच वीज राहू द्यावी. प्रत्येक दारावर बाहेरच्या बाजूला एक पत्रा लावायचा, त्यावर चार आकडे: वापरातली जागा किती चौरस फूट, मोठी माणसं किती, जास्तीत जास्त मुलं किती, त्यातली वर्षाखालची किती. मुलांची ही कमाल संख्या जागा आणि माणसं दोन्ही मोजून काढावी आणि जो आकडा लहान येईल तो धरावा. एखादी मावशी आली नाही तर त्या दिवशीची मुलं त्या प्रमाणात कमी. असं ठरलं की बदली बाई ठेवणं आपोआप परवडू लागतं.

ज्या कंपन्या स्वतः पाळणाघर न चालवता बाहेरच्या पाळणाघराशी करार करतात, त्यांनीही या पत्र्यावरचा आकडा बघून पैसे द्यावेत. आज करार होताना जीएसटी क्रमांक बघतात, कॅमेरे बघतात, सादरीकरण बघतात. दुपारची डोकी मोजायला एचआरचं कुणी येत नाही. हिंजवडीहून वाकडला यायला दुपारी वीस मिनिटं लागतात, संध्याकाळसारखा दीड तास नाही.

तपासणीला कोण येणार, हा प्रश्न येईलच. अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकांवर आधीच माहिती भरायचा ढीग आहे, त्यांच्या गळ्यात हेही घालू नये. प्रभाग कार्यालयातल्या दोन बायकांनी महिन्यातून चार दुपारी फिरलं आणि प्रत्येक ठिकाणी मुलं, मोठी माणसं आणि वर्षाखालची तान्ही मोजली तरी पुरे. एका जागी पंधरा मिनिटं लागतात. मोजलेला आकडा त्याच दिवशी पालिकेच्या संकेतस्थळावर टाकावा. दंड, नोटिसा हे पुढचं. पालकांना आकडा दिसला तरी निम्मं काम होईल. सुरुवात आमच्या घरांपासून केली तरी चालेल. फक्त येताना दार वाजवा, बेल दाबू नका. दीड वाजता काही मुलं नुकती झोपलेली असतात.

आपल्या,
राहत्या घरी पाळणाघर चालवणाऱ्या काही जणी,
पिंपरी-चिंचवड